दाखल्यावरची दुसरी सही

जुन्नर,
१६ एप्रिल २००३

चि. सौ. सरूस,
भगवंतदादाचे आशीर्वाद.

पेनाचं टोपण काढलं होतं. तुझ्या अक्षदाचा दाखला समोर होता. त्यावर गेणभाऊ गुरुजींची सही होती आणि तिच्याखाली माझ्या सहीची जागा रिकामी होती. दाजी समोर बसून पंख्याकडे बघत होते. मी टोपण परत लावलं आणि म्हणालो, "शिक्का साहेबांकडं आहे. उद्या या."

शिक्का खणात होता.

हे आज दुपारचं. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे, ती शेजारणींबरोबर ओझरला दर्शनाला गेली आहे. घरात मी एकटाच आहे. बोरीला या दिवसांत कांदा काढणं चालू असेल. तू उन्हात फार राबत नसशील, अशी आशा करतो.

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तू सातवीपर्यंत शिकली आहेस. सावकाश वाच.

शाळेचा दाखला जिल्ह्याबाहेर चालवायचा असला की मुख्याध्यापकांच्या सहीखाली आमच्या ऑफिसची दुसरी सही लागते. तिचा अर्थ एवढाच, की आम्ही शाळेचं रजिस्टर पाहिलं, जन्मतारीख ताडून घेतली आणि ती खरी आहे. पण रजिस्टर कुणी मागवत नाही. तेवढं बाड घेऊन गुरुजींनी एस.टी.नं कशाला यायचं? गुरुजींची सही ओळखीची दिसली की आम्ही आमची करतो. सगळे असंच करतात. मीही केलं.

दाजी आज म्हणाले, "नगरकडच्या मंडळींचा सामुदायिक विवाह हाय. तुमच्या सहीबिगर ते मांडवात घ्यायचे न्हाईत."

मी तारीख बघत होतो. १९८५ लिहिलं होतं.

"एवढं काय बघताय, पावणं? पोरीचा फोटो हाय का त्यात?" असं म्हणून ते हसले. मीही थोडं हसलो. सवय आहे.

अक्षदा अठ्ठ्याऐंशीची आहे. ती नववीत आहे, हे मला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत तिनं मला तिची भूगोलाची वही दाखवली होती.

आता दुसरं. तीन वर्षं तू मला एक शब्द विचारला नाहीस. भाऊबीजेला ओवाळतेस, पण तोंडाकडे बघत नाहीस. मीही बघत नाही.

तुझ्या थोरल्या अश्विनीचा दाखला आला तेव्हा घाई होती, मी तारीख पाहिली नाही, असं मी तुझ्या वहिनीला सांगितलं आहे. ते खोटं आहे. मी पाहिली. एक्क्याऐंशी लिहिलं होतं. तिचं जावळ माझ्या मांडीवर बसवून काढलं होतं, त्याच वर्षी मला नोकरी लागली. ते पंच्याऐंशी साल होतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली ती तेव्हा जेमतेम उभी राहू लागली होती. लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, हे मला कुणी सांगायला नको होतं.

ती गेल्यावर मी गेणभाऊ गुरुजींकडे गेलो. ते ओट्यावर तांदूळ निवडत होते. म्हणाले, "तुमच्या दाजीनं, सावळारामनं, लई गळ घातली. मी म्हटलं, वर तुमी हाय. मामा हाय. चूक असंल तर तुमी अडवाल."

मी त्यांना म्हणालो नाही, की मी तुमची सही बघून केली.

सासरच्यांनी तिला जीपमधून पुण्याला नेलं. दवाखान्यात वय विचारलं, तेव्हा सासऱ्यानं पिशवीतून तोच दाखला काढून दिला. बाळंतपणाच्या कागदावर वीस लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या कागदावरही वीसच. ती सोळा वर्षांची होती, असं कुठंच लिहिलेलं नाही.

सरू, अश्विनीच्या दाखल्याच्या दिवशी तू दाजींबरोबर ऑफिसला आली होतीस. आत आली नाहीस, दारातच उभी राहिलीस. मी पेन घेतलं तेव्हा म्हणालीस, "दादा, नीट बघून कर."

मी म्हणालो, "बघायचं काय त्यात? गुरुजींची सही आहे."

तू काय मागत होतीस, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. घरात तुझं चालत नव्हतं, म्हणून तू मला नाही म्हणायला सांगत होतीस. दाजींशी वाकडं नको, स्थळ चांगलं आहे, तालुक्यात सगळ्यांचं असंच होतं, असं मी मनाशी म्हटलं आणि सही केली. शिक्का जरा तिरका उमटला, म्हणून पुन्हा नीट मारला.

उद्या दाजी येतील. मी सही करणार नाही. अश्विनीच्या दाखल्याबद्दल मी साहेबांना लेखी दिलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल, तू त्याची काळजी करू नकोस. पण मी नाही म्हटलं तर दाजी कागदाशिवाय लग्न लावणारं कुणीतरी शोधतील. म्हणून हे तुला लिहितो आहे. तू घरात नाही म्हण. मोठ्यानं म्हण. अक्षदाला घेऊन इकडे निघून आलीस तरी चालेल. तिच्या परीक्षेला मी नेईन. तुझ्या वहिनीला मी आज सगळं खरं सांगणार आहे.

माफी मागत नाही. ती देण्याचं ओझं तुझ्यावर टाकायला नको.

अश्विनीचा आणि अक्षदाचा मामा,
भगवंत

१७ एप्रिल, सकाळ.
दाजी साडेदहाला आले. मी दाखल्यावर 'शाळेचे रजिस्टर सादर करावे' असा शेरा लिहून तो परत दिला. "पोरीचं मामा तुमी, का वैरी?" एवढंच ते म्हणाले. चहा न घेता गेले. आळेफाट्याच्या गाडीत बसताना त्यांना शिपायानं पाहिलं. गुरुजींना रजिस्टर घेऊन बोलावणारं पत्र अकराच्या टपालात जाईल. हे त्याच्याबरोबर टाकतो आहे.