घरच्या वाफ्यातली मेथी

४ नोव्हें., धुळे
आबा म्हणायचे, "पहिलं तोडनं लेकीस्नं, मंग बाजारनं." आबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझा भाऊ सुरेश अजून तेच पाळतो. आज साक्रीच्या एसटीने माझा वानोळा आला. भरताची वांगी, मेथी. मेथी यंदा कशीतरीच. पानं पांढुरकी, मुळं बोटभरही नाहीत. फोन केला.
"घरना वाफा शे अक्का, एक थेंब फवारा नही."
"मग खत कसलं?"
"कोंबडखत. तूच ते सांगेल व्हतं!"
हो, मीच. गोणीतलं रासायनिक खत सोड म्हणून त्याचं डोकं खाल्लं होतं.

९ नोव्हें.
गावी जाऊन आले. सुरेशचं कोंबड्यांचं शेड. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, अँटिबायोटिकचं औषधही कंपनीचं. पाण्यातून पाजतात. नळ्या धुतल्या की औषधाचं उरलेलं पाणी सरळ घरच्या वाफ्यात. "वाया कसाले जाऊ देवानं?"
बाजारच्या मेथीला फवारा असतो, पण पाणी नुसतं विहिरीचं. घरच्यांसाठी, लेकींसाठी राखलेल्या वाफ्याला मात्र खत दुप्पट, वर हे. आणि सगळं मायेने!
म्हटलं, औषध मातीत राहतं, मुळांतून पानात चढतं, असं वाचलंय मी.
"दवाई कोंबड्यास्नी पिधी अक्का, मेथीनी नही."
त्याची बायको मंदा म्हणते, "आते अक्का मेथीनी नाडी देखतीन!"
मीही हसले. बसमध्ये बसल्यावर राग आला. त्यांचा नाही.

११ नोव्हें.
कंपनीच्या सुपरवायझरला फोन. गोड बोलतो. "मॅडम, माल उचलायच्या आधी ठरलेले दिवस औषध बंद ठेवतो. मांसात काही राहत नाही."
"आणि त्याआधीच्या विष्ठेत?"
"खत शेतकऱ्याचं. ते आम्हाला विचारू नका."
कोंबडीचे दिवस मोजतात. मेथीचे कोणी नाही. मातीचे तर...

१७ नोव्हें.
गावाहून आणलेली वाफ्यातली माती घेऊन माती-परीक्षण प्रयोगशाळेत गेले. तिथला माणूस भला होता. नत्र, स्फुरद, पालाश सांगेन म्हणाला. औषधाचं? "तो रकानाच नाही आमच्याकडे. इतकं कोणी विचारत नाही, ताई."
मी विचारतेय की! समोर उभी राहून!
रिपोर्ट आला तर त्यात नत्र भरपूर लिहिलेलं असेल. सुरेश तो मलाच दाखवेल.

२० नोव्हें.
जळगावहून पल्लवीचा फोन. सुरेशची थोरली. सातवा महिना लागलाय. "आत्या, पप्पा रविवारी मेथी घेऊन येतायत. मला रोज तीच खावीशी वाटते." आवाज इतका खुशीत. मी म्हटलं, जप स्वतःला. बस्स, एवढंच बोलले. भित्री!
पण सांगू तरी काय? खत कच्चं होतं, म्हणूनही मुळं खुंटली असतील. पोटातल्या बाळाला काही होईल असं मला कोणी सांगितलेलं नाही. होणार नाही, असंही नाही. ज्यांनी तपासायचं त्यांनी रकानाच ठेवला नाही, आणि घाबरायचं मात्र मी एकटीने. लोकांच्या ताटात काय जातं ते बघणं कोणाचंच काम नाही का?

२१ नोव्हें.
सुरेशला सगळं सांगितलं. तर म्हणतो, "पोरले वानोळा नही धाडा ते तिना सासरना लोक काय म्हनतीन?"
"बाजारच्या वाफ्यातली दे."
"फवारेल मेथी? लेकले?" असा दुखावला, की मीच माफी मागितली.
त्याचं तरी काय चुकलं? चांगल्यातलं चांगलं तो लेकीला देतोय.

२२ नोव्हें., शनिवार
उद्या पहाटे तोडणी. आता निरोप लिहून पाठवते आहे. नाहीच ऐकणार तो, आबांचा मुलगा आहे.
सुरेश, यंदा पल्लवीकडे मेथी नको नेऊस. रिकाम्या हाताने जा, नुसता तिला भेटून ये. तिच्या सासरी सांग, आत्याची नजर लागली, वाफा जळाला. नाव माझं घे. आणि घरी आल्यावर तो वाफा खरंच मोडून टाक.