वास सरासरीत बसत नाही

१४ नोव्हेंबर

डोकं फिरलंय! पहाटे वासानेच जाग आली. सडकी अंडी, वर काहीतरी जळकं. खिडक्या लावल्या तरी घशात उतरलाच. शेजारच्या मीनाताईंचा खोकला भिंतीतून ऐकू येत होता. आणि ऑफिसात जाऊन स्क्रीन उघडते तर — आमचं पालेगाव, सगळं हिरवं! "हवा समाधानकारक." कोणाचं समाधान?

आमच्याच गच्चीवर आमच्या कंपनीचा हवा मोजणारा सेन्सर आहे. मीच बसवलाय. मीनाताईंनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून परवानगी मिळवली होती. "कारखानेवाले पुरावा मागतात ना? घ्या म्हणावं!"

१५ नोव्हेंबर

सापडलं. अभिजीत सरांनी मला न विचारता सगळ्या सेन्सरचा प्रोग्रॅम बदललाय. आता ते तासाभराची एकच सरासरी पाठवतात. वास येतो जेमतेम पाच-दहा मिनिटं. बाकीच्या बऱ्या हवेत तो विरघळून जातो. झालं हिरवं!

"बॅटरी, हर्षदा, बॅटरी! सारखं शिडी लावून कोण चढणार? तू?"

मीच चढते, सर. मी आणि हेल्पर राजू. तुम्ही कधी आलात?

१८ नोव्हेंबर

राग आला की मला काम सुचतं. या सेन्सरची बॅटरी मोजण्यात फारशी जात नाही, जाते ती पाठवण्यात. आतला रेडिओ चालू झाला की बॅटरी खातो. मग सारखं पाठवायचंच कशाला? मोजत राहा, पण आकडा मघाचाच असेल तर गप्प बस. उडी मारली तर मात्र तिथल्या तिथे ओरड! बॅटरीही वाचेल, वासही सापडेल.

आमच्या गच्चीवरच्या सेन्सरमध्ये टाकलं. सरांना सांगितलं नाही. गेले खड्ड्यात.

१९ नोव्हेंबर

काही नाही. गप्प आहे.

२१ नोव्हेंबर

ओरडला!! पहाटे माझा फोन वाजला आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे खोकला. एवढ्या घाणीत मी एकटीच हसत उभी!

मीनाताईंना आकडा दाखवला. "म्हणजे मला भास होत नव्हते. मुलगा म्हणायचा, आई, तुला सवय लागलीय तक्रारीची." डोळे पुसले त्यांनी.

२ डिसेंबर

सरांपुढे सगळं मांडलं. सरासरीवाल्या सेन्सरपेक्षा आमचा कमी बॅटरी खातो — राजूने मीटर लावून दाखवलं. सरांनी मीटर हातात घेऊन आकडे पुन्हा तपासले.

"मस्त आहे. पण क्लायंटला एवढं बारीक नकोय."

"म्हणजे प्रश्न बॅटरीचा नव्हताच?"

"जुना प्रोग्रॅम परत टाक, हर्षदा."

क्लायंट म्हणजे कोण? कारखानेवालेच! त्यांच्याच वासावर त्यांचीच नजर. आणि आम्ही मूर्ख शिडीवर! नाही टाकणार. काय करायचं ते करा.

३ डिसेंबर

सेन्सर ओरडला की मेसेज थेट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाईल, अशी सोय केली. राजू घाबरलाय. "मॅडम, सर को पता चला तो?" चलने दो! नोकरी गेली तर गेली.

६ डिसेंबर

वास. मेसेज. ग्रुपवर नुसती बोंबाबोंब! तळमजल्यावरचे हिंदुराव काका, कधी कोणाला गुड मॉर्निंगसुद्धा न पाठवणारे, मोर्चा काढू म्हणताहेत. मीनाताईंचा मात्र एक शब्द नाही. बरं नसेल का त्यांना?

१० डिसेंबर

मीनाताई आल्या होत्या. आत येईनात, दारातच उभ्या. "रविवारी गिऱ्हाईक येतंय फ्लॅट बघायला. मी बदलापूरला भावाच्या शेजारी जाते गं. इथे नाही निभत आता माझ्याच्याने. ते ग्रुपवरचं बंद कर. आणि गच्चीवरचं ते सेन्सरचं खोकंही काढून ठेव. त्यांची छोटी मुलगी आहे, बघितलं तर घेणार नाहीत."

बोलता बोलता खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणून दिलं, पाठ चोळली. त्या गेल्यावर गच्चीवर जाऊन खोकं उतरवलं.