जुनी प्रत

१ ऑक्टोबर २००७
आले बाई एकदाची नाशिकला! देवळ्याचं घर, कांद्याची चाळ, आईच्या शंभर सूचना, सगळं मागे टाकून. अंबडला ऑफिस, कारखान्यांच्या पगाराचं सॉफ्टवेअर. सगळे तोऱ्यात. एकट्या ज्ञानेशदादांनी, आमच्या सीनियरनी, डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, धाकट्या बहिणीसारखी राहा. आईला फोनवर सांगितलं, तर तिचा जीव भांड्यात पडला.

९ ऑक्टोबर
सर्व्हरवर फ्रेमवर्कचं अपडेट आलं की आमचे सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचे, म्हणजे प्रत्येकाची नवी प्रत काढायची. नाहीतर ते रडतखडत उघडतात आणि कारखान्यातले क्लार्क आमचा उद्धार करतात. दादा हे हातानं करायचे. मला म्हणाले, आपोआप होईल असं लिही. लिहिलं की! स्क्रिप्ट नवी प्रत बनवते, ती नीट चालली की जुनी पुसते. जुनी ठेवूया का, मी विचारलं. दादा म्हणाले, लोणचं घालायचंय का तिचं?

२० ऑक्टोबर, खंडेनवमी
सर्व्हरची पूजा झोकात! पाटावर कोण बसणार त्याची दरवर्षी चिठ्ठी काढतात. दादांची निघाली, पण मान त्यांनी मला दिला. मला भरूनच आलं. गुरुजींनी संकल्पाला नाव-गोत्र विचारलं, मी ठसक्यात सांगितलं. आज यंत्रांना हात लावायचा नाही, पण स्क्रिप्टला हात कुठे लागतो? आरती चालू असतानाच दादांनी ती चालू होऊ दिली.

२२ ऑक्टोबर
काल तापानं खोलीवरच पडून होते, दसऱ्याला घरी जाणं राहिलं. आज वॉचमन लहानूकाकांनी विचारलं, कुणाला भेटायचंय? थट्टा वाटली. आत माझ्या खुर्चीत एक मुलगी. तोंड माझं, ड्रेस माझा. नावही माझंच, सगळे तिला हर्षाली म्हणतात—
दादांनी मात्र मला ओळखलं. मान खाली घातली.

२३ ऑक्टोबर
दादांना जिन्यात गाठलं. म्हणाले, पाटावर बसेल त्याची नवी प्रत निघते. ठाऊक होतं त्यांना! इतकी वर्षं स्वतःच्या हातानं प्रती काढत— म्हणाले, मला लेकरं आहेत गं. बहीण म्हणाला होता मेला. भाकरी भरवून—
नवी नीट चालली, तरच जुनी पुसली जाते. आईपुढे नाही चालणार ती. आई ओळखेल.

२४ ऑक्टोबर
फोन केला. आई म्हणाली, कोण बाई तुम्ही? आमची हर्षाली दसऱ्याला येऊन, सोनं देऊन गेली की.
आई गं— मी— तुझी—

२५
बोटं दिसेनात. दादा, मी विचारलं होतं ना, जुनी ठेवूया का— हसलात तुम्ही—
ओळ माझीच. नवी नीट चालली की जुनी