हिरव्या पानांतली बांगडी

आई, तुझा तो जेवायचा पाट आज माळ्यावरून खाली काढला. त्याच्या पाठीवर तू कोळशानं चंगाष्ट्याची पंचवीस घरं आखायचीस. फासे म्हणजे फोडलेले चिंचोके, सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे. तुझे हिरवे, माझे लाल.

पाट आठवला तो नातीमुळं. पुण्याला ती मोबाईलवरच्या खेळांची चित्रं काढते. हा कसला धंदा, मला नवलच. काल घरी आली, तेव्हा म्हटलं, दाखव तरी. रानात चुकलेली शेळी शोधून घरी आणायची, असा खेळ. काय गवत काढलंय पोरीनं! वारा सुटला की पातं न् पातं हलतं. पण तिचं तोंड एवढंसं. "आबा, साहेब म्हणतात चित्र छान, पण शेळीच दिसत नाही. महिन्याचं काम पुसायचंय. सोडतेच ही नोकरी."

मी श्रीरामपुरात जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कुणी शिकवलं नाही, बघून बघून हात बसला. पण पाटी माणूस एकदा वाचतो नि पुढं जातो. तुझ्या पाटावर आपले डोळे दुपारभर असायचे. मग पट हेही चित्रच की! फक्त त्याच्यातून चालायचं असतं. कालपासून हेच डोक्यात घोळतंय.

नऊ-दहा वर्षांचा असेन. घेवड्याचा पाला चुरगळून मी त्या पाटावर वेल काढली, कडेनं आणि घराघरांतूनही. तू सलग दोन डाव हरलीस. तिसऱ्याला चुलीपुढची तू पाटावर वाकतेस, डोळे बारीक करतेस. "आरं, ह्यो डाव हाय का मळा? माजी बांगडी कुटं गेली रं?" नि राख-काथ्या घेऊन घासायलाच बसतेस. मला रडू फुटलं, तसा कडेपाशी तुझा हात थांबला. "कडंची ऱ्हाऊ दे. लई ग्वाड काढलीया. पर घरात न्हाई, वाट दिसाया पायजे."

तेच नातीला सांगितलं. तिनं शेळीच्या वाटेवरचं गवत पुसलं, बांधावरचं ठेवलं, नि लांबून बघून स्वतःशीच हसली. "आबा, पणजीला चित्रातलं कळायचं का हो?"

मी नुसती मान हलवली. पुढचं तिला सांगितलं नाही. हा कागदही घडी होऊन पाटाखालीच राहणार, म्हणून तुला सांगतो. घरांतली वेल हौसेची नव्हती. हिरव्या पानांत तुझी हिरवी बांगडी दिसेनाशी झाली, की मी ती हळूच एक घर मागं सरकवायचो. कडेची तेवढी हौसेनं काढली होती. तू नेमकी तीच कशी ठेवलीस गं?