काटा खाली येईपर्यंत

बाबा, काल दुपारी आपल्या दुकानात तिच्या घरच्या ट्रान्झिस्टरमधून धूर निघाला आणि तिथंच माझं सगळं बदललं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी तेव्हा शाळेत होतो. तरी धूर दिसताच तोंडून "बाबा" एवढंच निघालं. दुकानामागच्या चुलीपासून आई ओरडली, "काय जाळलं रे?"

तुम्ही बांधलेलं वीज देणारं खोकं अजून दुकानातल्या त्याच टेबलावर आहे, गुंडी फिरवून व्होल्ट कमीजास्त करायचं. पोहरादेवीच्या यात्रेला जाणारा भोंग्याचा अॅम्प्लिफायर त्यावर चोवीस व्होल्टला तपासून नुकताच काढला होता, तेवढ्यात ती आली. शिरपूरच्या कडेला तिच्या वडिलांचा भाजीचा मळा, घरही तिथंच. त्यांचा नऊ व्होल्टचा रेडिओ खरखरत होता. तिच्यापायी मी अकोल्याचं कॉलेज अर्ध्यात सोडलं, हे तिला माहीत आहे, आईलाही. रेडिओ ठेवत ती म्हणाली, "मले पाहुणे पाह्यून गेले. परवा साक्षगंध हाय." मी गुंडी झटक्यात नऊवर आणली आणि तारा रेडिओला टेकवल्या.

तुम्ही कधी तसं केलं नाही. अजून डोळ्यांपुढं आहे, लहान मी तुमच्या शेजारी स्टुलावर बसलोय. तुम्ही गुंडी खाली करता, पण रेडिओ जोडत नाही. आधी ट्रकचा जुना दिवा तारांना लावता. तो भपकन पेटतो, मग मंद होतो, आणि मिटरचा काटा नऊवर येऊन थांबतो. मी विचारतो, गुंडी तर केव्हाच खाली केली, मग काटा वर कसा? "हे खोकं देते, पन वापस घेत नाही. कपॅसिटरमंदी भरलेलं तसंच बसून राह्यते. त्याले जायले वाट द्या लागते." मी घाई केली की बोटांवर पेचकसाची मूठ बसते. "माह्या तोंडाकडं कायले पाह्यतं बे? काट्याकडं पाह्य!"

काल मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. काटा विसाच्याही वर असणार.

"मेला काय तो?" तिनं विचारलं. मी मान खाली घातली तशी ती भडकली. "बोलाचं असन तं घरी येऊन माह्या बाबासंग बोल. आमच्या रेडिओवर काहून राग काढून राह्यला?" आणि गेली.

त्यांच्या घरी जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मला कळायला लागल्यापासून आपल्या वस्तीतलं कोणी त्यांच्या ओट्यावर चढलेलं पाहिलं नाही. सकाळपासून रेडिओतला जळलेला माल बदलत बसलो. आता वाजतोय. पाठ मोडून आली आहे, डोळे चुरचुरतात, आणि तिचा साखरपुडा उद्यावर आलाय.

आई मघाशी म्हणाली, "कुठं चालला?" म्हटलं, "मळ्यात." तिनं माझी कॉलर सारखी केली आणि आत गेली.

शांत डोक्यानं निघालोय, असं तुम्हाला लिहायचं होतं. ते खरं नाही. राग आहे तिथंच आहे, आणि त्याच्याखाली भीती आहे, तिचे वडील मला ओट्यावरूनच परत फिरवतील याची. तरी जातो. हा कागद इथंच राहू दे. उठतो, रेडिओ उचलतो, बाहेरून दार ओढतो.