शर्टाचा वास

पेडणे, ९ एप्रिल, संध्याकाळ

आजही डोकं तापलेलंच आहे. शनिवारी मेव्हण्याच्या काजूच्या भट्टीवर मदतीला गेलो होतो, तिथे हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, डबा शर्टावर कलंडला. घरी येताना पोलिसाने मोटारसायकल अडवली. फुंकायचं यंत्र बंद होतं, म्हणून त्याने शर्ट हुंगला आणि पिऊन चालवतो अशी केस लिहिली. "रक्त तपासा," मी तीनदा म्हटलं. "वास येतोय तेवढा पुरे," म्हणाला. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. शर्टाला वास आला म्हणजे मी प्यालो?

आज वकील म्हणाले, "तपासणीच झाली नाही, लढलात तर सुटाल. पण तारखा पडत राहतील. त्यापेक्षा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा."

मोकळा कसला? अकरा वर्षं शाळेची बस चालवतोय. कबूल केलं तर कायमचा बेवडा ठरेन. "लढायचं," म्हटलं आणि वकीलपत्रावर सही केली.

निकाल लागेपर्यंत शाळेने मला घरी बसवलंय. बस दुसराच चालवतो, माझी मुलगी त्याच बसने जाते. मघाशी म्हणाली, "बाबा, तू पीत नाहीस असं मी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं."

"मग?"

"सगळी हसली."