फिकं न नेसण्याचा कुळाचार

हडपसर, १२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून पत्र कसलं, म्हणशील. पण तुझ्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि काका शेजारीच!

अगं, परवा ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन बसले. हिमोग्लोबिन सात! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, मोठाल्या गाठी पडतात का, पाळी आठवड्यापुढे जाते का. मी ऐटीत सांगितलं, आमच्या घरात सगळ्यांचं असंच असतं. त्या म्हणाल्या, मग सगळ्यांनाच जास्त जातंय.

माझे उपचार सुरू झालेत. काळजी तुझी वाटते. मंडईतून येताना तू धापा टाकत टेकतेस, निवडताना कच्चे तांदूळ चघळतेस. रक्त कमी असलं की असंही होतं म्हणे. माझ्याबरोबर चल ना.

आणि माझ्या साखरपुड्याला मी मोतिया साडी निवडली म्हणून रुसली आहेस, तो रुसवा सोड. पत्राला उत्तर दे, रागावून का होईना.

तुझी,
उत्कर्षा

बुधवार पेठ, १७ ऑगस्ट

चि. उत्कर्षास अ. उ. आ.

काकांनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं, पण फोडलं नाही. एवढी सभ्यता उरली आहे.

माझ्या तांदळावर तुझी नजर होती तर! अगं, आईचं तसंच होतं, माझं तसंच. मेलो का आम्ही? औषधं घे, खजूर खा आणि माझ्यामागे लागू नकोस.

साडीचं म्हणशील तर आपल्या घरच्या बायका फिकं नेसत नाहीत. देवीला चालत नाही. कुळाचार आहे तो, हवं तर माझ्या शकूआत्याला विचारून कळवते.

तब्येतीला जप. माया आहेच, ती रागातही असते.

तुझी आत्या,
इंदू

बुधवार पेठ, ९ नोव्हेंबर

चि. उत्कर्षास अ. उ. आ.

त्या दिवशी अचानक फोन करून दवाखान्यात चल म्हटलं, त्याचं कारण सांगायचं राहिलं. शकूआत्याला कुळाचार विचारला, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, देवीबिवी काही नाही गं, माझ्या आईच्या पांढऱ्या शालूला भर मांडवात डाग पडला, तेव्हापासून घरात फिकं बंद! म्हणजे इतकी वर्षं आपण डाग लपवले आणि नाव देवीचं. मला इतका संताप आला की तुला फोनच लावला.

गर्भाशयातली गाठ साधी निघाली, हे देवीचेच उपकार. गोळ्यांनी जाणं पुष्कळ आटोक्यात आलंय. काल मंडईतून लाल भोपळा घेऊन न टेकता आले. तांदूळही आता नुसते निवडते.

तू मोतियाच नेस. मीही तसलीच घेतली आहे. काका म्हणाले, डाग पडेल. म्हटलं, पडला तर आमटीचा पडेल.

आशीर्वाद आहेतच, तुझा लोभही असाच राहू दे.

तुझी आत्या,
इंदू